समुद्राच्या तळाशी अंथरलेले इंटरनेट

6 सप्टेंबर 2025 रोजी सौदी अरेबियातील जेद्दा शहराजवळ तांबड्या समुद्राच्या तळाशी असलेल्या काही केबल तुटल्या आणि दक्षिण आशिया व आखातातील अनेक देशांत इंटरनेट रेंगाळू लागले. मध्यपूर्वेतून जाणारी माहिती काही काळ नेहमीपेक्षा उशिराने पोहोचेल, असे मायक्रोसॉफ्टनेही आपल्या ग्राहकांना कळवले. ही बातमी वाचणाऱ्या पुष्कळांच्या मनात एकच प्रश्न आला असेल. फोन हवेतून चालतो, फोटो ‘क्लाउड’मध्ये म्हणजे ढगात साठवलेले असतात, मग समुद्रातली केबल तुटल्याने इंटरनेट का अडावे?

हा प्रश्न अज्ञानातून आलेला नाही. ‘वायरलेस’ आणि ‘क्लाउड’ या शब्दांनीच इंटरनेट आकाशात राहते अशी समजूत करून दिली आहे. वस्तुस्थिती अशी की एका खंडातून दुसऱ्या खंडात जाणाऱ्या माहितीपैकी जवळजवळ सगळी, म्हणजे 95 टक्क्यांहून बरीच अधिक, समुद्राच्या तळावर टाकलेल्या केबलमधून जाते. अशा केबलची जगभरातील एकूण लांबी सुमारे 14 लाख किलोमीटर भरते. पृथ्वीला विषुववृत्तावर पस्तीस वेढे द्यावेत एवढी ती आहे.

फोनपासून समुद्रापर्यंतचा प्रवास

आपल्या हातातला फोन बिनतारी असतो तो फक्त जवळच्या टॉवरपर्यंत. हे अंतर बहुतेक वेळा एक-दोन किलोमीटरचेच असते. टॉवरपासून पुढे संदेश जमिनीखालच्या तारांत शिरतो, शहरातून शहरात जातो आणि त्याला परदेशी जायचे असेल तर किनाऱ्यावरच्या एका साध्या दिसणाऱ्या इमारतीत पोहोचतो. या इमारतीला लँडिंग स्टेशन म्हणतात. समुद्रातली केबल आणि जमिनीवरचे जाळे यांची गाठ इथे पडते. क्लाउड म्हणजे तरी काय, तर कुठल्यातरी देशातील मोठ्या इमारतीत रांगेने मांडलेले संगणक. ते दुसऱ्या खंडात असतील, तर आपला फोटो त्यांच्यापर्यंत जाताना आणि परत येताना समुद्राच्या तळावरून प्रवास करतो. परदेशी शिकणाऱ्या मुलीचा व्हिडिओ कॉल असो, कार्डाने केलेल्या खरेदीची परदेशातील संगणकाकडून घेतलेली मंजुरी असो, किंवा विमानाच्या तिकिटाचे आरक्षण असो, वाट तीच.

केबल असते तरी कशी?

एवढा भार वाहणारी वस्तू अजस्र असेल असे वाटते. प्रत्यक्षात खोल समुद्रातली केबल बागेत पाणी घालायच्या नळीएवढी, सुमारे दोन सेंटिमीटर जाडीची असते. तिच्या गाभ्यात काचेचे केसासारखे बारीक तंतू असतात. यांना फायबर म्हणतात. या तंतूंतून लेझरचा प्रकाश सेकंदाला अब्जावधी वेळा कमी-जास्त केला जातो आणि त्या लुकलुकण्यात आपली अक्षरे, आवाज आणि चित्रे सांकेतिक रूपाने दडलेली असतात. रात्री डोंगरावरून विजेरी चमकवून खालच्या माणसाला खूण करावी, तसाच हा प्रकार आहे, फक्त विजेरीच्या जागी लेझर आणि हवेच्या जागी काच.

काच कितीही निर्मळ असली तरी अंतराबरोबर प्रकाश मंद होतो. म्हणून दर 60 ते 100 किलोमीटरवर केबलमध्ये एक उपकरण बसवलेले असते, जे मंदावलेला प्रकाश पुन्हा तेजस्वी करते. जुन्या काळी डाक वाहणाऱ्या घोड्यांचे टप्पे ठरलेले असत आणि प्रत्येक टप्प्यावर दमलेला घोडा बदलून ताजा घेतला जाई, त्याची इथे आठवण होते. या उपकरणांना समुद्राच्या तळाशी वीज लागते आणि ती किनाऱ्यावरून, तंतूंभोवतीच्या तांब्याच्या नळीतून, हजारो व्होल्ट दाबाने पुरवली जाते. तंतू, तांबे, पोलादी तारा आणि सर्वांत बाहेर प्लास्टिकचे आवरण अशी तिची रचना असते. किनाऱ्याजवळ, जिथे जहाजांची वर्दळ असते, तिथे केबलला पोलादाचे जादा वेष्टन देऊन ती शक्यतो वाळूत पुरतात. खोल समुद्रात ती तळावर नुसती पडून असते, कारण कित्येक किलोमीटर खोलीवर तिला धक्का लावायला सहसा कोणी जात नाही.

दीडशे वर्षांपूर्वीच्या बाजारावर झालेला परिणाम

समुद्राखालून तार टाकण्याची कल्पना आजची नव्हे. आयर्लंड आणि अटलांटिक महासागरापलीकडचे, उत्तर अमेरिकेजवळचे न्यूफाउंडलंड बेट यांना जोडणारी पहिली तार 1858 च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली. व्हिक्टोरिया राणीने अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना पाठवलेला 98 शब्दांचा संदेश पलीकडे पोहोचायला सुमारे 16 तास लागले आणि काही आठवड्यांतच ती तार निकामी झाली. टिकाऊ तार टाकायला 1866 साल उजाडावे लागले.

तोपर्यंत युरोपची बातमी अमेरिकेत पोहोचायला जहाजाने दहाएक दिवस लागत. न्यूयॉर्कच्या कापूस व्यापाऱ्याला लिव्हरपूलच्या बाजारातला भाव कळे तो आठवडा उलटून गेल्यावर, आणि माल किती पाठवायचा हे त्याला त्या शिळ्या भावावरून ठरवावे लागे. 1866 नंतर हा भाव दुसऱ्याच दिवशी कळू लागला. त्या काळातल्या भावांच्या नोंदी अर्थशास्त्रज्ञांनी तपासल्या आहेत आणि दोन्ही बाजारांतील भावांची तफावत तारेनंतर घटली, असे त्यांना आढळले आहे. ज्यांनी ती तार कधी पाहिलीही नव्हती अशा गिरण्यांचे आणि शेतमळ्यांचे व्यवहार तिच्यामुळे बदलले. मला हे उदाहरण फार महत्त्वाचे वाटते, कारण संपर्काच्या साधनाचा परिणाम ते वापरणाऱ्यापुरता कधीच राहत नाही, हे त्यात स्पष्ट दिसते.

अटलांटिकखालून टेलिफोनची पहिली केबल 1956 साली आली. तिच्यातून एका वेळी जेमतेम 36 संभाषणे होऊ शकत. 1988 साली काचेच्या तंतूंची पहिली अटलांटिक केबल सुरू झाली आणि तिची क्षमता 40,000 संभाषणांची होती. परदेशी फोन करताना घड्याळाकडे बघत बोलण्याचे दिवस संपले, त्यामागे हा बदल आहे.

केबल पोहोचली की काय बदलते?

पूर्व आफ्रिकेचा किनारा 2009 पर्यंत अशा मोठ्या केबलपासून वंचित होता. तिथले इंटरनेट जवळजवळ सर्वस्वी उपग्रहांवर चाले आणि ते महाग व संथ असे. 2009 आणि 2010 मध्ये एकामागून एक केबल त्या किनाऱ्याला लागल्या. पुढे आफ्रिकेतील बारा देशांची आकडेवारी तपासून 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की जिथपर्यंत या केबलचे जलद इंटरनेट पोहोचले, तिथे रोजगाराचे प्रमाण वाढले आणि नव्या कंपन्याही अधिक निघाल्या. रोजगाराचा लाभ केवळ उच्चशिक्षितांना झाला असेल अशी शंका येणे साहजिक आहे, पण कमी शिकलेल्यांच्या वाट्यालाही तो आला, असे त्या अभ्यासात नोंदवले आहे.

याचा अर्थ केबल आली म्हणजे समृद्धी आली असा कोणी काढू नये. किनाऱ्यावर आलेली क्षमता गावापर्यंत न्यायला जमिनीवरची जाळी लागतात, वीज लागते आणि परवडणारे दर लागतात. धरण भरले तरी शेतापर्यंत पाट काढावाच लागतो.

या केबल इतक्या सहज तुटतात?

तुटतात, आणि सतत तुटतात. जगभरात दरवर्षी साधारण दीडशे ते दोनशे बिघाड होतात, म्हणजे आठवड्याला तीन-चार. यांतले सुमारे तीन-चतुर्थांश बिघाड मासेमारीची जाळी आणि जहाजांचे नांगर यांमुळे होतात. शार्क केबल चावतात ही कथा फार लोकप्रिय आहे आणि 1980 च्या दशकात केबलमध्ये शार्कचे दात सापडलेही होते, पण आजच्या एकूण बिघाडांत माशांचा वाटा नगण्य आहे. उरलेले बिघाड भूकंप, समुद्रतळावरच्या दरडी, झीज आणि उपकरणांतील दोष यांतून होतात.

मग इतक्या वेळा केबल तुटूनही आपल्याला ते जाणवत का नाही? कारण माहिती एकाच रस्त्याला बांधलेली नसते. एक पूल बंद झाला की वाहतूक दुसऱ्या पुलावरून वळवतात, तशी ती आपोआप दुसऱ्या केबलकडे वळते. थोडा वळसा पडतो, थोडी गर्दी होते, पण काम चालते. केबल तुटण्यापेक्षा तुटल्यावर दुसरी वाट किती रुंद आहे, यावर सामान्य माणसाचा त्रास ठरतो. या विषयातील बाकीचे सारे प्रश्न माझ्या मते याच एका मुद्द्याभोवती फिरतात.

दुसरी वाट खरोखर दुसरी आहे का, हेही पाहावे लागते. 14 मार्च 2024 रोजी आयव्हरी कोस्टच्या आबिजान शहरासमोर समुद्राखालच्या एका खोल दरीत दरड कोसळली असावी, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष आहे. त्या परिसरातून जाणाऱ्या चार केबल एकाच दिवशी निकामी झाल्या आणि पश्चिम आफ्रिकेतील अनेक देशांत इंटरनेट कोलमडले, बँकांचे व्यवहार अडकले. कागदावर चार केबल होत्या, पण त्या एकाच दरीतून गेल्या होत्या. तैवानच्या दक्षिणेला 26 डिसेंबर 2006 रोजी झालेल्या भूकंपानंतरही हेच घडले. त्या वेळी नऊ केबल तुटल्या आणि त्या जोडायला अकरा जहाजांना 49 दिवस खपावे लागले. युरोप आणि आशिया यांच्यातील बहुतांश केबल इजिप्त आणि तांबडा समुद्र या चिंचोळ्या पट्ट्यातून जातात, म्हणूनच तिथला प्रत्येक बिघाड जागतिक बातमी होतो.

खोल समुद्रातली केबल जोडतात कशी?

हे काम करणाऱ्या माणसांविषयी फारच कमी लिहिले जाते, म्हणून इथे थोडे थांबतो. केबल तुटली की आधी किनाऱ्यावरून तिच्यात प्रकाशाचा झोत सोडतात. तुटलेल्या टोकावरून परतलेल्या प्रकाशाला किती वेळ लागला यावरून बिघाडाचे अंतर काढता येते, जसे विहिरीत दगड टाकून आवाज यायला लागलेल्या वेळावरून तिची खोली ताडावी. मग दुरुस्तीचे खास जहाज सुटी केबल घेऊन निघते. जागेवर पोहोचायलाच कित्येक दिवस लागू शकतात.

तिथे लोखंडी आकडे असलेला दोर तळापर्यंत सोडून केबल शोधतात. एक टोक वर घेऊन त्याला तरंगता पिंप बांधून ठेवतात, दुसरे टोक शोधतात, आणि मधे नवा तुकडा घालून दोन सांधे करतात. केसाएवढे तंतू एकमेकांशी नेमके जुळवून वितळवून जोडायचे, त्यावर कवच चढवायचे, सांधा तपासायचा, आणि हे सगळे हलत्या जहाजावर. एका सांध्याला अर्धा दिवस किंवा त्याहून अधिक वेळ जातो. वादळ असेल तर थांबावे लागते, आणि एखाद्या देशाच्या हद्दीत काम करायचे असेल तर परवान्याची वाट पाहावी लागते. फेब्रुवारी 2024 मध्ये हल्ल्यात सापडलेल्या ‘रुबीमार’ या जहाजाच्या फरफटणाऱ्या नांगराने तांबड्या समुद्रातील तीन केबल तोडल्या असाव्यात, असे मानले जाते. येमेनजवळच्या युद्धस्थितीमुळे आणि परवान्यांमुळे ती दुरुस्ती काही महिने लांबली.

केबल टाकणारी आणि दुरुस्त करणारी जहाजे जगात साठेकच आहेत आणि त्यांतली केवळ काही दुरुस्तीसाठी राखून ठेवलेली असतात. अनेक जहाजे जुनी झाली आहेत. नवी केबल टाकण्यासाठी पैसा उभा राहतो, तसा दुरुस्तीच्या जहाजासाठी राहत नाही, कारण ते जहाज बराच काळ काहीही न करता बंदरात उभे राहिले पाहिजे, तरच गरजेच्या वेळी हाताशी असते. अग्निशमन दलाचे असेच असते. बंब उभा आहे म्हणून तो वाया जातो आहे असे कोणी म्हणत नाही, मात्र केबलच्या बाबतीत हा हिशेब अजून पुरेसा मांडला गेलेला नाही.

उपग्रह असताना केबल कशाला?

ही सर्वांत स्वाभाविक हरकत आहे. दूरचे बेट, डोंगराळ वस्ती, जहाज, विमान, आपत्तीत सापडलेले शहर यांना उपग्रहांचा मोठा आधार असतो. पण क्षमतेची तुलना केली की चित्र स्पष्ट होते. टेराबिट म्हणजे माहितीचे एक लाख कोटी कण. अमेरिका आणि स्पेन यांना जोडणाऱ्या 6,600 किलोमीटर लांबीच्या ‘मारेआ’ या केबलची आखलेली क्षमता सेकंदाला 160 टेराबिट होती. अत्याधुनिक मोठ्या उपग्रहाची क्षमता एका टेराबिटच्या आसपास जाते.

वेळेचाही प्रश्न आहे. पृथ्वीबरोबर फिरणारे पारंपरिक दळणवळण उपग्रह जवळपास 36,000 किलोमीटर उंचीवर असतात. प्रश्न वर जाऊन खाली येणार आणि उत्तरही तसेच येणार, यात अर्धा सेकंद जातो आणि बोलताना दोघांचेही शब्द एकमेकांवर आदळतात. अलीकडचे स्टारलिंकसारखे उपग्रह सुमारे 550 किलोमीटरवर फिरतात, त्यामुळे हा विलंब बराच कमी झाला आहे. तरीही त्यांची क्षमता खालच्या सर्व वापरकर्त्यांत वाटली जाते, आणि त्यांच्याकडून आलेली बहुतेक माहिती शेवटी जमिनीवरच्या केंद्रात उतरून तारांमध्येच शिरते.

फेब्रुवारी 2023 मध्ये तैवानच्या मात्सू बेटांकडे जाणाऱ्या दोन्ही केबल आठवडाभरात तुटल्या. तिथल्या सुमारे चौदा हजार नोंदणीकृत रहिवाशांची गरज तैवानहून बिनतारी सूक्ष्मलहरींवर भागवावी लागली आणि साधा मजकूर पाठवायलाही बराच वेळ लागू लागला. पर्यायी सोय होती म्हणून संपर्क टिकला, पण रोजचे जीवन जे गृहीत धरून चालते तेवढी तिची रुंदी नव्हती.

कोणी चोरून ऐकत असेल का?

ही भीती निराधार नाही. केबल ज्या देशात किनाऱ्याला लागते तिथे तिच्यातील माहितीची टेहळणी करणे सोपे असते आणि ब्रिटनच्या गुप्तहेर संस्थेने असे केल्याचे 2013 साली उघड झालेल्या कागदपत्रांतून दिसले. आज बहुतेक संदेश कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक रूपात पाठवले जातात, त्यामुळे मजकूर वाचणे अवघड असते. कोण कोणाशी आणि कधी बोलले एवढे मात्र अनेकदा कळू शकते.

मालक कोण आणि कायदा कोणाचा?

पूर्वी बहुतेक केबल अनेक देशांच्या टेलिफोन कंपन्या एकत्र येऊन टाकत, खर्च आणि क्षमता वाटून घेत. 2010 च्या सुमारास आंतरराष्ट्रीय केबलच्या वापरात गूगल, मेटा, मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉन यांसारख्या कंपन्यांचा हिस्सा दहा टक्क्यांच्या आत होता. आता तो दोन-तृतीयांशाहून अधिक आहे, आणि त्या स्वतः केबल टाकतात. आफ्रिकेभोवती फिरणारी, सुमारे 45,000 किलोमीटर लांबीची ‘टूआफ्रिका’ ही केबल मेटा आणि तिच्या भागीदारांची.

यात वाईट काय, असे कोणी विचारेल. क्षमता वाढते, दर उतरतात, हे खरेच आहे. आबिजानच्या संकटातही वेगळ्या मार्गाने गेलेली गूगलची ‘इक्वियानो’ केबल कामी आली. मला काळजी वाटते ती मार्ग कोण ठरवतो याची. खासगी केबल जिथे कंपनीचे संगणक आणि ग्राहक आहेत तिथे जाते. लहान, गरीब, वाटेपासून दूर असलेल्या बेटाकडे जायला तिला कारण नसते. तिथे सरकारे आणि विकास बँकाच पुढे येतात, आणि त्यांचेही हेतू असतात. सॉलोमन बेटांनी चीनच्या हुआवेशी संबंधित कंपनीकडून केबल घ्यायचे ठरवल्यावर ऑस्ट्रेलियाने स्वतः बहुतांश खर्च उचलून दुसरी केबल टाकून दिली.

कायद्याची बाजू याहून कमकुवत आहे. समुद्री तारांच्या रक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार 1884 साली पॅरिसमध्ये झाला. आजही देशाच्या प्रादेशिक समुद्राबाहेर, म्हणजे त्याच्या हद्दीतल्या किनारी पाण्याबाहेर केबल तुटली, तर खटला चालवण्याचा अधिकार मुख्यतः ते जहाज ज्या देशात नोंदलेले आहे त्याचा, किंवा आरोपीच्या देशाचा असतो. 25 डिसेंबर 2024 रोजी ‘ईगल एस’ या तेलवाहू जहाजाचा नांगर फिनलंडच्या आखातात ओढला गेला आणि एक वीजवाहिनी व काही संपर्क केबल तुटल्या. फिनलंडने जहाज ताब्यात घेऊन कप्तान व दोन अधिकाऱ्यांवर खटला भरला. ऑक्टोबर 2025 मध्ये हेलसिंकीच्या न्यायालयाने, हा खटला चालवण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे सांगून तो काढून टाकला. ते जहाज पॅसिफिकमधील कुक बेटांत नोंदलेले होते.

एकच केबल असलेल्या देशात

टोंगा हा पॅसिफिक महासागरातील सुमारे एक लाख लोकवस्तीचा बेटांचा देश. 2013 साली त्याला फिजीशी जोडणारी 827 किलोमीटरची केबल मिळाली, जागतिक बँक आणि आशियाई विकास बँक यांच्या मदतीने. जानेवारी 2019 मध्ये ती तुटली आणि देश जवळपास दोन आठवडे अडकून पडला. 15 जानेवारी 2022 रोजी हुंगा टोंगा-हुंगा हाआपाई ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला आणि ती पुन्हा तुटली, या वेळी अनेक ठिकाणी.

टोंगाचे हजारो लोक न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत राहतात आणि त्यांनी घरी पाठवलेला पैसा देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या एक-तृतीयांशाहून अधिक भरतो. केबल तुटली तेव्हा मुलांना आईवडील जिवंत आहेत का हे कळेना. राखेने पाणी दूषित झालेल्या, लाटेने घरे वाहून नेलेल्या कुटुंबांना मदतीची गरज सर्वाधिक असताना परदेशातून पैसा पाठवण्याची नेहमीची वाटच बंद झाली. उपग्रहांवर तुटपुंजी सेवा हळूहळू सुरू करण्यात आली. दुरुस्तीचे जहाज पापुआ न्यू गिनीहून निघाले होते. फिजीशी जोडणारी केबल 22 फेब्रुवारीला, म्हणजे पाच आठवड्यांहून अधिक काळाने पूर्ववत झाली.

ही झाली मुख्य बेटाची गोष्ट. टोंगाच्या बेटांना आपसांत जोडणारी देशांतर्गत केबलही त्याच स्फोटात उद्ध्वस्त झाली होती आणि तिचा फार मोठा भाग गाळाखाली गडप झाला होता. तेवढ्या लांबीची सुटी केबल कोठेच शिल्लक नव्हती. ती नव्याने बनवून घ्यावी लागली आणि उत्तरेकडच्या व्हावाऊ बेटांवर केबलचे इंटरनेट परतले ते जुलै 2023 मध्ये, स्फोटानंतर दीड वर्षाने.